थेरपी एक तास, इन्व्हॉइस दोन तासांचं : एनडीआयएसमधला प्रवासखर्च कसा वाचायचा?

पारिजातक (टारनेट, मेलबर्न)

नमस्कार मंडळी. काल रात्री जेवणं आटोपल्यावर प्लॅन मॅनेजरचं (आमच्या वतीनं बिलं तपासून चुकती करणाऱ्यांचं) पोर्टल उघडून बसले होते. लेकाच्या एनडीआयएस (ऑस्ट्रेलियाची सरकारी अपंगत्व विमा योजना) प्लॅनमधले थेरपीचे पैसे मार्चपर्यंत पुरवायचे आहेत, पण ज्या वेगानं ते संपताहेत ते पाहता डिसेंबरातच खडखडाट होणार. म्हणून एकेक इन्व्हॉइस उघडून बघायला लागले.

मुलगा १० वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी) त्याला शाळेत येऊन भेटते, पंधरा दिवसांतून एकदा, एक तास. तिच्या क्लिनिकपासून शाळा २३ किलोमीटर. इन्व्हॉइसवर असं आहे :

ऑक्युपेशनल थेरपी, २ तास × १९३.९९ = ३८७.९८
वाहनखर्च, ४६ किमी = ४५.५४
एकूण ४३३.५२ डॉलर

आधी वाटलं चुकून दोनदा लागलंय. फोन केला तर ऑफिसातली बाई म्हणाली, "दुसरा तास प्रवासाचा, अर्धा तास येताना, अर्धा तास जाताना." म्हणजे मुलाला एक तास आणि गाडीलाही एक तास, तोही त्याच भावानं. हे नियमात बसतं का? शाळेच्या टर्म ३ मधली पाचही इन्व्हॉइसं अशीच आहेत. ओटी फार चांगली आहे हो. शर्टाची बटणं लावायला तिनंच शिकवलं त्याला. तिच्याशी वाकडेपणा यावा असं अजिबात वाटत नाही. पण हे पैसे त्याचे आहेत, आणि मला कळलं तरी पाहिजे.

खारीबिस्कीट (सिडनी)

आमच्याकडेही हेच चालू होतं. मी बरेच महिने बघितलंच नाही. वाचतेय.

हिशेबनीस (मेलबर्न)

पारिजातकताई, मी काही वर्षं प्लॅन मॅनेजमेंटमध्ये काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एनडीआयएसमध्ये "प्रोव्हायडर ट्रॅव्हल" नावाची वेगळी सोय आहे. तिचे दोन भाग. एक म्हणजे माणसाचा प्रवासातला वेळ. दुसरा म्हणजे गाडी, टोल, पार्किंग. वेळेला मर्यादा आहे. शहरात आणि मोठ्या गावांत एका बाजूला जास्तीत जास्त ३० मिनिटं. वाहतूक तुंबली आणि पाऊण तास लागला तरी लावायची ३०च. गाडीचा दर किलोमीटरला एक डॉलरच्या आसपास असतो, तेव्हा तुमचे ४५.५४ ठीक दिसतात.

चूक आहे ती वरच्या ओळीत. १ जुलै २०२५ पासून थेरपिस्टच्या प्रवासाच्या वेळेला निम्माच दर लागतो. ओटीचा तासाचा कमाल दर १९३.९९, म्हणजे प्रवासाच्या तासाला फार तर ९७ डॉलर. तुमच्याकडून पूर्ण घेतलाय. दर इन्व्हॉइसमागे ९७ डॉलर जास्त. पाच सेशनचे झाले जवळपास ४८५.

प्लॅन मॅनेजरनं ते पकडलं का नाही? कारण थेरपी आणि प्रवास एकाच ओळीत घातलाय. समोर "ओटी, २ तास" असं आलं की दर मर्यादेत आहे, तास शक्य आहेत, पास. प्रवासाची ओळ वेगळी असती तर बहुधा अडकली असती. म्हणून पहिलं काम : ओळ वेगळी करून मागा.

सह्याद्रीची_लेक (पर्थ)

निम्म्या दराचं माहीतच नव्हतं! आमच्या स्पीच थेरपीवालीनं जुलैत फक्त "नवीन दरपत्रक" म्हणून मेल पाठवला होता. आज जाऊन बघते.

घारापुरी (ब्रिस्बेन)

मी फिजिओ आहे, एकटीच प्रॅक्टिस करते. दुसरी बाजू मांडते, राग मानू नका.

सकाळी आठला निघते. पहिलं घर २५ मिनिटांवर, दुसरं २०, मग एक शाळा. दिवसात पाच पेशंट बघते आणि दोन तासांहून जास्त वेळ गाडीत जातो. त्या वेळात मी दुसरं काहीच करू शकत नाही. माझा विमा, नोंदणी, क्लिनिकचं भाडं तोवर चालूच असतं. जुलै २०२५ ला फिजिओचा दर १९३.९९ वरून १८३.९९ झाला, आणि प्रवास निम्म्यावर आला. दोन्ही एकाच दिवशी. माझ्या ओळखीच्या तिघींनी होम व्हिजिट बंद केल्या. मी दोन घरं सोडली. त्यातल्या एका आजोबांना क्लिनिकला येता येत नाही, त्यांना नाही म्हणताना घशात आवंढा आला.

पारिजातकताईंच्या इन्व्हॉइसमध्ये चूक आहे, त्याबद्दल दुमत नाही. निम्मा म्हणजे निम्मा. पण "गाडीला एक तास" हे वाक्य लागलं. तो तास गाडीचा नाही, माणसाचा असतो.

पारिजातक

घारापुरी, मनापासून माफी मागते. तुमच्या कष्टांवर बोट ठेवायचं नव्हतं. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, ही बाजू मला दिसतच नव्हती.

हिशेबनीसदादा, खूप आभार. सकाळीच मेल टाकते.

टेंभुर्णीकर (मेलबर्न)

कशाला ताई? चांगली ओटी मिळायला आम्ही अकरा महिने थांबलो होतो. हिशेब मागितला आणि तिनं "माझ्याकडे आता जागा नाही" म्हटलं तर? शंभर डॉलर वाचवायला जाल आणि माणूस गमवाल. मी तरी डोळेझाक केली असती.

खारीबिस्कीट

टेंभुर्णीकर, तुमची भीती कळते, पण पटत नाही. शंभर डॉलर दर खेपेला आहेत. वर्षाला अशी वीस सेशन धरली तर दहा तासांच्या थेरपीचे पैसे होतात. ते माझ्या पोराच्या वाट्यातून जातात. प्रवासाचे पैसे काही वेगळ्या डब्यातून येत नाहीत, थेरपीच्या त्याच डब्यातून जातात. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

टेंभुर्णीकर

वेगळा डबा नसतो? मी आजवर समजत होतो की ट्रान्सपोर्टचे म्हणून जे दर पंधरा दिवसांनी खात्यात येतात, त्यातून जातं ते.

हिशेबनीस

नाही दादा, इथेच सगळ्यांचा घोळ होतो. प्रवासाचे तीन प्रकार आहेत आणि तिन्ही वेगळे.

तुम्ही म्हणताय ते ट्रान्सपोर्ट फंडिंग. अपंगत्वामुळे ज्यांना बस-ट्रेन वापरणं जमत नाही त्यांच्या स्वतःच्या प्रवासासाठी ते असतं. त्याचे तीन स्तर, वर्षाला १,६०६, २,४७२ आणि ३,४५६ डॉलरपर्यंत. सहसा मोठ्या माणसांना मिळतं. मुलांची ने-आण आईवडिलांनी करायची असं ते धरून चालतात.

दुसरा प्रोव्हायडर ट्रॅव्हल. थेरपिस्ट किंवा सपोर्ट वर्कर (रोजच्या कामांत सोबत-मदत करणारा) तुमच्यापर्यंत येतो तो. हा ज्या सेवेसाठी आला, तिच्याच बजेटमधून जातो.

तिसरा सपोर्ट वर्कर तुमच्या माणसाला गाडीत बसवून बाहेर नेतो तो. त्याला "ॲक्टिव्हिटी बेस्ड ट्रान्सपोर्ट" म्हणतात.

ओळखायची युक्ती सांगतो. इन्व्हॉइसवर प्रत्येक ओळीला एक लांबलचक आकडा असतो. त्यात मधे ७९९ दिसलं तर तो येण्याजाण्याचा वाहनखर्च. ५९० दिसलं तर तुमच्या माणसाला घेऊन फिरल्याचा. वेळेला मात्र वेगळा आकडा नसतो. ज्या सेवेसाठी आला तिचाच आकडा लावतात आणि शेजारी "प्रोव्हायडर ट्रॅव्हल" असं लिहितात. ते लिहिलं नाही तर पारिजातकताईंसारखं होतं.

चाफेकळी (वेंटवर्थविल, सिडनी)

अगदी वेळेवर धागा आला! माझा धाकटा दीर ३४ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम आहे, आमच्याकडेच असतो. दर शनिवारी सपोर्ट वर्कर त्याला पोहायला नेतो. इन्व्हॉइसमध्ये चार ओळी येतात. सपोर्ट ४ तास, प्रवास २० मिनिटं, किलोमीटर १४, पुन्हा किलोमीटर ३०. मी नवऱ्याला म्हटलं, एकाच फेरीचे दोनदा किलोमीटर कसे? भांडणच व्हायचं राहिलं.

हिशेबनीस

चाफेकळीताई, बहुधा बरोबर आहे ते. १४ किलोमीटर म्हणजे तो आपल्या नेहमीच्या कामाच्या जागेवरून किंवा आधीच्या माणसाकडून तुमच्या दारात आला आणि परत गेला, २० मिनिटं त्याचीच. ३० किलोमीटर म्हणजे भाऊजींना घेऊन तलावावर गेले-आले. भाऊजी गाडीत बसले त्या क्षणापासून तो वेळ नेहमीच्या सपोर्टचाच असतो, त्याला अर्ध्या तासाची मर्यादा लागत नाही. सपोर्ट वर्करच्या प्रवासाला निम्मा दरही नाही, ती कात्री फक्त थेरपीला आहे. फक्त एवढं तपासा की गाडीतला वेळ त्या ४ तासांतच धरलाय ना. वर आणखी वेगळा लावला असेल तर विचारा.

चाफेकळी

चार तासांतच आहे. दारातून निघून दारात परत येईपर्यंत चार. म्हणजे मी त्या मुलावर उगाच संशय घेतला. शनिवारी आल्यावर त्याला थालीपीठ खाऊ घालीन, त्याला फार आवडतं. दिराला दही वाढलं की तो आधी त्या मुलाच्या ताटात घालतो, मग स्वतःच्या.

सह्याद्रीची_लेक

चाफेकळी, शेवटचं वाक्य वाचून डोळे भरून आले.

मुळा_मुठा (पुणे)

मी पुण्याहून लिहितेय. बहीण ॲडलेडला आहे, भाचीसाठी म्हणून हा धागा वाचत होते. आमच्याकडे माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. घरी येणारी फिजिओ येण्याचे धरूनच फी सांगते, वेगळा प्रवास कुणी लावत नाही. सरकारी मदत आहे ती अशी : एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत, आणि निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत उपचार. बाकी सगळं खिशातून. तुमच्याकडे माणसाच्या वाटेतल्या मिनिटांचाही हिशेब होतो हे वाचून आधी नवल वाटलं. पण मग वाटलं, हिशेब आहे म्हणजे निदान विचारता तरी येतं.

खारीबिस्कीट

मुळा_मुठा, लेकराला खूप आशीर्वाद. आणि बहिणीला सांगा, सर्व्हिस ॲग्रीमेंट (थेरपिस्टबरोबरचा करार) वाचल्याशिवाय सही करू नकोस. आधी तुमची संमती असेल तरच प्रवास लावता येतो. ती संमती त्या पंधरा पानी कागदात कुठेतरी असते आणि आपण शेवटच्या पानावर सही ठोकून मोकळे होतो. मी स्वतः तशीच केली होती, पोर मांडीवर रडत होतं तेव्हा.

गवतफुला (व्हिक्टोरिया, ग्रामीण भाग)

आम्ही मेलबर्नपासून तीन तासांवर राहतो. गावात एक डॉक्टर, एक केमिस्ट, आणि ओटी नाहीच. इथे जागेची प्रतवारी मॉडिफाइड मोनॅशप्रमाणे एक ते सात अशी करतात. एक ते तीन मध्ये ३० मिनिटं, चार आणि पाच मध्ये ६०. आम्ही पाचात येतो. म्हणजे ओटीच्या एका भेटीला प्रवासाचेच दोन तास होऊ शकतात. निम्म्या दरानंही १९४ डॉलर. थेरपीइतकेच.

आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. आमच्या भागात तिघांना तीच ओटी हवी होती. आम्ही तिघी आयांनी मिळून तिला विचारलं, एकाच दिवशी तिघांना भेटशील का? ती तयार झाली. आता महिन्यातला एक मंगळवार ठरलेला आहे. ती सकाळी येते, गावातल्या हॉलमध्ये बसते, तिघं एकामागून एक जातात. येण्याजाण्याचा खर्च तिघांत वाटला जातो. तसं आधीच प्रत्येकीशी लिहून घेतलंय. तिलाही दिवस भरलेला मिळतो. मधल्या आठवड्यांत व्हिडिओवर. माझी मुलगी स्क्रीनपुढे दहा मिनिटांवर बसत नाही, म्हणून तो मंगळवार सोन्यासारखा.

घारापुरी

गवतफुला, असं कुणी विचारलं तर आम्ही आनंदानं करू. मला आजवर एकाही घरानं विचारलं नाही, आणि मीही सुचवायला संकोचले. कारण एका पेशंटला दुसऱ्याचं नाव सांगता येत नाही. पालकांनी आपसांत ठरवलं तर प्रश्नच मिटतो. मी ब्रिस्बेनच्या माझ्या दोन शाळांत या आठवड्यात विचारून बघते.

पारिजातक

थांबा थांबा. गवतफुलाचं वाचून काहीतरी डोक्यात आलं. लेकाच्या शाळेत आणखी एक मुलगी आहे, तिची आई मला गेटवर भेटते. तिची ओटी पण हीच आहे! उद्या विचारते.

टेंभुर्णीकर

आता माझीही उत्सुकता वाढली. मी पण आमची इन्व्हॉइसं काढून बसलोय. सौ. म्हणते, टॅक्सच्या वेळीसुद्धा इतका तन्मय नव्हतास.

पारिजातक

विचारलं. ती मुलगी बुधवारी ९:१५ ला, माझा मुलगा १०:३० ला. त्याच शाळेत, त्याच दिवशी, पाचही वेळा. आणि तिच्या आईच्या इन्व्हॉइसवरही "२ तास" आणि ४६ किलोमीटर. आम्ही दोघी गेटवर फोन शेजारी शेजारी धरून उभ्या होतो. आकडे सेंटासकट सारखे. तिच्या हातात लेकीचं दप्तर होतं, ते खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

हिशेबनीस

हे मात्र गंभीर आहे. एकदा केलेला प्रवास दोघांकडून पूर्ण घेता येत नाही. एकाच भागात अनेकांना भेटायचं असेल तर तो वाटून लावायचा, आणि वाटणी आधी सांगायची. आणखी एक, परतीचा वेळ तेव्हाच लागतो जेव्हा ती शेवटच्या भेटीनंतर आपल्या नेहमीच्या कामाच्या जागी परतते आणि त्या वेळेचा पगार तिला मिळतो. तिथून ती पुढच्या पेशंटकडे जात असेल तर तो प्रवास त्या पेशंटच्या नावावर.

तुमचं योग्य इन्व्हॉइस असं हवं : थेरपी १ तास १९३.९९, प्रवासाचा अर्धा वाटा ४८.५०, वाहनखर्चाचा अर्धा वाटा २२.७७. एकूण २६५.२६. आणि घेतलेत ४३३.५२. फरक १६८.२६. पाच सेशनचे ८४१.३०.

लगेच चोरी म्हणू नका. अशा ठिकाणी थेरपिस्ट फक्त तास भरते, इन्व्हॉइस सॉफ्टवेअर आणि ऑफिस काढतं. तिला माहीतही नसेल. मेल शांतपणे लिहा, तारखा द्या, वेळा द्या, आणि प्लॅन मॅनेजरला प्रत पाठवा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तक्रारीसाठी एनडीआयएस क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशन आहे, १८०० ०३५ ५४४. इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर १३१ ४५० वर दुभाषी मागवता येतो.

सह्याद्रीची_लेक

आम्ही सेल्फ मॅनेज्ड आहोत, म्हणजे प्लॅनचे पैसे स्वतःच सांभाळतो. आम्हालाही हेच दर लागू का?

हिशेबनीस

सेल्फ मॅनेज्डला कमाल दराचं बंधन नाही, तुम्ही जास्तही देऊ शकता. त्यामुळे तुम्हाला निम्मा दर आपोआप मिळेल असं समजू नका, बोलून ठरवावा लागेल. पण न केलेल्या प्रवासाचे पैसे कुणालाच लागू नाहीत.

खारीबिस्कीट

पारिजातक, मेल लिहायला मदत हवी तर सांग. मी असा एक लिहिला होता, त्यात पहिलं वाक्य होतं : "तुमच्यामुळे माझा मुलगा आता स्वतः ब्रश करतो, म्हणून त्याचा प्रत्येक तास मला वाचवायचा आहे." राग कुणालाच आला नाही.

पारिजातक

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, तीन आठवडे झाले.

खारीबिस्कीटच्या वाक्यावरून सुरुवात केली, ब्रशच्या जागी बटणं घातली. आम्ही दोघी आयांनी एकाच दिवशी वेगवेगळे मेल पाठवले, प्लॅन मॅनेजरांना प्रत. चौथ्या दिवशी ऑफिसचा फोन आला. जुलैनंतर सॉफ्टवेअरमध्ये प्रवासाचा नवीन दर भरलाच नव्हता, आणि वाटणीचा पर्याय कुणी निवडत नव्हतं. त्यांनी चूक मान्य केली. माझे ८४१.३० आणि तिचेही तेवढेच प्लॅनमध्ये परत जमा झाले. चार तासांच्या थेरपीहून जास्त.

टेंभुर्णीकरदादा, तुमची भीती मलाही होतीच. मेल पाठवल्यावर दोन रात्री झोप नव्हती. पण ओटी सोडून गेली नाही. उलट पुढच्या बुधवारी तीच मला गेटवर भेटायला आली. तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या इतर शाळांतल्या मुलांची इन्व्हॉइसंही ती आता तपासून घेतेय. आणि म्हणाली, दोन्ही मुलांना लागोपाठ ठेवू, मधली पंधरा मिनिटं वाचतील, ती दोघांना एकत्र खेळायला देईन.

काल नवीन इन्व्हॉइस आलं. तीन ओळी, वेगवेगळ्या. २६५.२६.

टेंभुर्णीकर

अभिनंदन ताई. मी माझे शब्द मागे घेतो. आमच्या स्पीचच्या इन्व्हॉइसमध्ये प्रवासाची ओळ वेगळी आहे, पण दर पूर्णच लावलाय, जुलैपासून. आज मेल लिहितोय. ते बटणांचं वाक्य वापरू का? आमच्या मुलीनं ऑगस्टात पहिल्यांदा "बाबा, पाणी" असे दोन शब्द जोडून म्हटले, ते लिहीन.

पारिजातक

नक्की लिहा दादा. तेच पहिल्या ओळीत लिहा.